अठ्ठाविसावा टोला

यज्ञेश्वरभट कोकणातून पुण्याला परतले ते डाव्या टाचेला फोड घेऊनच. पाच आठवडे चिपळुणाजवळ बहिणीकडे राहून ते येत होते. बरोबर पत्नी सगुणाबाई, भाड्याचं एक तट्टू आणि तट्टावर आंबापोळी-फणसपोळीची दोन गाठोडी. घाट चढताना तट्टू दोनदा खाली बसलं होतं आणि साताऱ्याच्या अलीकडे सगुणाबाईही रस्त्यातच बसल्या होत्या. भवानी पेठेच्या तोंडाशी आले तेव्हा नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हती.

सवाई माधवरावांच्या अमदानीतली ही गोष्ट. पेठ तेव्हा वाढत होती. पेठेच्या पूर्वेच्या टोकाला एका सरदाराने दगडी धर्मशाळा बांधायला काढली होती. सरदार स्वतः उत्तरेत मोहिमेवर. मागे सगळा कारभार दीनानाथपंत नावाच्या कारभाऱ्याच्या हाती. साठ-सत्तर माणसं तिथे रोज राबत होती. त्यांत पाथरवट होते, गवंडी होते, चुना मळणारे होते, पाट्या वाहणाऱ्या बाया होत्या. आणि या सगळ्यांचा दिवस ज्यांच्या हातात होता ते यज्ञेश्वरभट. ते घटका मोजत.

काम दिसायला सोपं. पाण्याने भरलेलं एक मोठं घंगाळ. त्यावर तांब्याची पातळ वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. त्यातून पाणी आत चढत जातं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली; दिवसरात्र मिळून अशा साठ. लगेच काशाच्या थाळीवर लाकडी मोगरीने एक टोला द्यायचा, एक कवडी इकडच्या परडीतून तिकडच्या परडीत टाकायची आणि वाटी उपसून पुन्हा सोडायची. सूर्य उगवला की काम सुरू, बाराव्या घटकेला जेवण, पंधराव्याला पुन्हा काम, आणि अठ्ठाविसाव्याला सलग टोले देऊन सुट्टी. तीन ठिकाणी मिळून त्यांनी हे काम नऊ वर्षं केलं होतं, एक दिवस न चुकता. लघुशंकेला जायचं तरी वाटी नुकती सोडलेली असली पाहिजे, आणि परतायचं ते धावत.

म्हणून ही रजा. बहिणीकडे पहिले आठ दिवस त्यांना काही सुचलं नव्हतं. जेवताना, झोपेत, कुणाशी बोलता बोलता, दर घटकेला ते दचकत आणि हात आपोआप मोगरीकडे जाई. मोगरी तिथे कुठली असायला! मग हळूहळू ते सुटलं. दुपारी आंब्याखाली पथारी टाकून ते झोपायला लागले, आणि जाग येई ती येई तेव्हा. तिथे कुणी कुणाला किती घटका झाल्या म्हणून विचारत नसे.

पेठेत शिरताना तट्टाच्या पुढे चालत असलेले यज्ञेश्वरभट अचानक थांबले. धर्मशाळेकडून थाळीचा घणघणाट ऐकू येत होता. सुट्टीचे सलग टोले.

त्यांनी मान वर करून उन्हाकडे पाहिलं. मग रस्त्यावर पडलेली स्वतःची सावली पाहिली. मग तिथेच, उन्हात, ती पावलांनी मोजली.

"अहो, आता काय?" सगुणाबाईंनी दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"सुट्टी झाली."

"झाली तर झाली. आपल्याला काय दगड फोडायचेत?"

"दोन घटका बाकी आहेत अजून!"

सगुणाबाईंनी तट्टाचा कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि त्या पुढे निघाल्या.

घर म्हणजे देवळामागचे दोन खण. कुलूप उघडलं तर आतून कोंदट वास आला. बसायच्या पाटांपैकी एकाला वाळवी लागली होती. तो उचलला तर अर्धाच हातात आला. शेजारणीच्या भरवशावर सोपवून गेलेली तुळस वाळून काटकी झालेली. शेजारीण म्हणाली, "मी घालतच होते हो पाणी. तुमच्याच मातीत काही राम नाही." आडावर गेल्या तर सगुणाबाईंचा दोर ज्या खुंटीला असायचा ती खुंटी दुसऱ्या कुणीतरी बळकावलेली. रात्री आमटीभात करून दोघं जेवली आणि मीठ आणायचं राहिलंय हे दोघांनाही पहिल्याच घासाला कळलं.

सकाळी उजाडायच्या आधी यज्ञेश्वरभट धर्मशाळेवर हजर झाले.

त्यांच्या जागी पाच आठवडे बसला होता तो दिगंबर, त्यांच्या चुलतभावाचा मुलगा. पंचविशीचा, गोरागोमटा, विडा चघळत बोलणारा. गळा गोड होता आणि त्याची त्याला जाणीव होती. यज्ञेश्वरभटांनीच शब्द टाकून त्याला बसवलं होतं. ते पोहोचले तेव्हा घंगाळ जागेवर नव्हतं. ओवरीतल्या कोनाड्यात, जिथे वारा लागत नाही आणि ऊन पडत नाही, तिथे ते असायचं. आता ते बाहेर कडुनिंबाखाली होतं. पाण्यावर निंबाची पानं तरंगत होती. शेजारी सतरंजी, लोड, पानाचा डबा.

"या काका," दिगंबर म्हणाला. "तिथे आत काय ते भुतासारखं बसायचं? इथे चार माणसं येतात, बोलतात. वेळ बरा जातो."

"वेळ जाण्यासाठी बसवलं होतं का तुला? वाटी कुठे आहे?"

दिगंबरने वाटी पुढे केली. ती लख्ख घासलेली होती. इतकी लख्ख की यज्ञेश्वरभटांनी ती उजेडाकडे धरून बुडाचं भोक पाहिलं. त्यांनी कनवटीची डबी काढली. डबीत सोन्याची चार बोटं लांबीची सुई होती. वाटीचं भोक केवढं असावं ते या सुईवर ठरतं. सुई भोकात घट्ट बसली पाहिजे, ना कमी ना जास्त. त्यांनी सुई घातली. ती सरळ आरपार जाऊन सतरंजीवर पडली.

"काय केलंस हिला?"

"चिंच लावून घासली. भोकात क्षार बसला होता, तो टाचणीनं काढला. किती घाण ठेवली होती, काका!"

"टाचणीनं? का पाथरवटाच्या सळईनं?"

दिगंबर हसला. त्या हसण्यावरून यज्ञेश्वरभटांना कळलं की याला माहीत आहे. भोक मोठं झालं की वाटी लवकर भरते. घटका आखूड होते. दर घटकेला थोडीथोडी. दिवसअखेर दोन घटका. अठ्ठाविसावा टोला झाला की हा थाळी झाकून घरी जाणार, आणि दिवस मावळेपर्यंत मधल्या वेळाचा हिशेब विचारायला तिथे कुणीच नाही.

"रांडेच्या," ते हळू म्हणाले, "माझ्या नावावर पाच आठवडे खोटे टोले दिलेस?"

"कुणाचं काय वाईट झालं? माणसं खूष आहेत. तुमच्या वेळेला कुणी तुमच्याकडे पाहून कधी रामराम तरी करत होतं का?"

यज्ञेश्वरभटांनी वाटी त्याच्या अंगावर फेकली. ती त्याच्या छातीला लागून मातीत पडली. "घे. आता ही तुलाच लखलाभ. पुन्हा या घंगाळापाशी दिसलास तर नातं बाजूला ठेवीन."

दिगंबरने वाटी उचलली, उपरण्याने पुसली, पानाचा डबा काखेत मारला आणि तो निघून गेला. जाताना वाटेतल्या चार पाथरवटांशी तो थांबून थांबून बोलला. ते सगळे वळून भटांकडे पाहत होते.

यज्ञेश्वरभट फोडावर पाय टाकत घरी गेले आणि देव्हाऱ्यातली वडिलांची वाटी घेऊन आले. सुई घालून पाहिली. बरोबर बसली. घंगाळ पुन्हा ओवरीत नेलं. ते नेताना मदतीला एक माणूस उठला नाही. सूर्य वर येईपर्यंत ते घामाने भिजले होते.

त्या दिवशी जेवणाचा टोला लोकांना फारच उशिरा आला. पाच आठवडे ज्या वेळी भाकरी पोटात गेली त्या वेळी हातात अजून हातोडाच होता. बाया पाट्या खाली ठेवून ओवरीकडे बघायला लागल्या. पाथरवटांचा मुकादम सर्जेराव भिंतीवरून ओरडला, "भट, झोप लागली का काय?"

"काम कर तू तुझं!" यज्ञेश्वरभट ओरडले.

पण खरी फजिती जेवणानंतर झाली. पाच आठवड्यांची दुपारच्या झोपेची सवय अंगात मुरली होती. विसावी घटका चालू असताना त्यांचे डोळे मिटले. किती वेळ, कोण जाणे. जागे झाले तेव्हा वाटी घंगाळाच्या तळाशी होती आणि समोर सर्जेराव कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्या मागे दहा-पंधरा माणसं.

"आता ही घटका कुणाच्या खात्यात मांडायची, भट? तुमच्या का आमच्या?"

माणसं हसली. एक बाई पदर तोंडाला लावून हसता हसता खाली बसली. यज्ञेश्वरभट लालबुंद झाले. चूक झाली होती ती झालीच होती. त्यांनी ओवरीच्या खांबाची सावली पाहिली, अंदाज बांधला, एक टोला दिला आणि एक कवडी टाकली. नऊ वर्षांत अंदाजाने दिलेला तो पहिला टोला. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी सगुणाबाईंशी आमटी खारट झाल्यावरून भांडण काढलं. सगुणाबाई म्हणाल्या, "काल मीठ नव्हतं, आज जास्त आहे. उद्या तुम्हीच सुई घालून मोजून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंगाळात शेण होतं.

भरलेलं घंगाळ त्यांनी एकट्याने पालथं केलं, राखेने घासलं, आडावरून सात कळश्या पाणी आणलं. सूर्य तोवर वर आला होता. दिवसाचा पहिला टोलाच त्यांना खांबाच्या सावलीवरून द्यावा लागला. कुणी केलं ते त्यांनी विचारलं नाही. विचारून कोण सांगणार होतं! दिवसभर ते घंगाळाकडे पाठ न फिरवता बसले आणि मनातल्या मनात त्या साठ-सत्तर जणांना एकेक करून शिव्या देत राहिले. दगडावर पडणारा प्रत्येक घाव त्यांना आपल्यालाच मारल्यासारखा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी दीनानाथपंतांचं बोलावणं आलं.

दीनानाथपंत ठेंगणे, कानावर बोरू, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या खांद्याकडे बघणारे. पावसाआधी छत पडलं पाहिजे असा सरदाराचा हुकूम होता आणि भिंती अजून अर्ध्यावर होत्या. त्यांच्यासमोर दिगंबर आणि सर्जेराव आधीच उभे होते.

"यज्ञेश्वरभट, तक्रार आहे," पंत म्हणाले. "दिगंबरभट म्हणतात, काकांचं वय झालं. रजेवरून आल्यापासून डुलक्या घेतात, वाटी बुडून जाते, घटका लांबते. मुकादमही तेच म्हणतो."

"एकदा डोळा लागला. एकदाच. ते मी मानतो. पण घटका माझी लांबलेली नाही, याची आखूड होती."

"पुरावा?"

"उद्या दोन घंगाळं मांडा. एकात त्याची वाटी, एकात माझी. मधे सावली बघायचा शंकू रोवा. सध्या दिवस तेहतीस घटकांचा आहे, पंचांग बघा हवं तर. ऐन मध्यान्हाला साडेसोळा घटका झाल्या पाहिजेत. आणि या दिवसांत पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, शंकूची सावली त्याच्या पायातच विरते. ते काही माझ्या हातात नाही, याच्याही नाही."

दिगंबरने पंतांकडे पाहिलं; त्यांच्यासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. मग म्हणाला, "करा की."

दुसऱ्या दिवशी काम थांबलं नाही, पण कामात कुणाचं लक्षही नव्हतं. चौकात चुन्याची रेघ आखून मधोमध हातभर लांबीचा लाकडी शंकू उभा केला होता. दोन बाजूंना दोन घंगाळं. एकापाशी दिगंबर, एकापाशी यज्ञेश्वरभट. दोन्हीकडे पंतांचा एकेक शिपाई कवड्या टाकायला. यज्ञेश्वरभटांनी पगडी काढून ठेवली होती. डोकं तापत होतं. समोर दिगंबर पान चघळत बसला होता आणि त्याची वाटी दर खेपेला जराशी आधी बुडत होती. सुरुवातीला फरक कुणाला जाणवला नाही. आठव्या घटकेला जाणवला. बाराव्याला तर दिगंबरच्या शिपायाची कवडी पडून बराच वेळ झाला तरी यज्ञेश्वरभटांची वाटी तरंगतच होती, आणि पाथरवटांपैकी कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "ती बघा म्हातारीगत चाललीय."

शंकूची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली. मग ती नाहीशीच झाली. दीनानाथपंत स्वतः वाकून पाहत होते.

"मोजा," ते म्हणाले.

यज्ञेश्वरभटांच्या परडीत सोळा कवड्या, सतरावी वाटी अर्धी भरलेली. दिगंबरच्या परडीत सतरा, आणि अठरावी वाटी बुडायच्या बेतात.

यज्ञेश्वरभट उभे राहिले. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांची छाती भरून आली. त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली, सर्जेरावाकडे पाहिलं, मग दिगंबरकडे पाहिलं. "बोल आता," ते म्हणाले. "बोल की! आता का दातखीळ बसली?"

दिगंबरने पानाची पिंक टाकली आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

"म्हणजे," दीनानाथपंत सावकाश म्हणाले, "पाच आठवडे हे लोक रोज दोन घटका आधी सुटत होते. सरदारांच्या कामातल्या दोन घटका. बरं झालं यज्ञेश्वरभट, तुम्ही उघडकीला आणलंत." मग त्यांनी आवाज चढवला. "ऐका रे सगळे! उद्यापासून मृग निघेपर्यंत अठ्ठाविसाव्या टोल्याला सुट्टी नाही. तिसाव्याला सुट्टी. घेतलेलं फेडायचं."

गलका झाला. एक म्हातारा पाथरवट, गेनबा, हातातली छिन्नी तशीच धरून पुढे आला. "सरकार, उन्हानं दगडाला हात लाववत न्हाई ह्या दिसांत. टोला आम्ही दिला न्हाई. वाजला तसं आम्ही गेलो."

"वाजला तसे गेलात, आता वाजेल तसे थांबा," पंत म्हणाले आणि छत्री धरणाऱ्याला घेऊन निघाले.

यज्ञेश्वरभट त्यांच्या मागे दोन पावलं गेले. "पंत, हे... मी काही यासाठी..."

"तुम्ही तुमच्या घटका मोजा, भटजी."

वळले तर सर्जेराव समोर. तो अगदी जवळ आला. त्याच्या मिशांत दगडाची पांढरी भुकटी होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "खरं निघालं न्हवं तुमचं? आता बसा खऱ्यासंगं." आणि तो बाजूला थुंकला. पायांवर नाही, पण फारसा लांबही नाही.

यज्ञेश्वरभटांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. शेण यांनी घातलं, हसले हे, आणि दोष माझा? पण गेनबा अजून तिथेच उभा होता, छिन्नी धरून, आणि तो त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अठ्ठाविसावी वाटी बुडाली. हात सवयीने उठला आणि त्यांनी टोला दिला. एकच. सलग नाही. भिंतीवरचं एक माणूस हललं नाही. उन्हाची तिरीप ओवरीत शिरली होती. घाव पडत राहिले, पण कंटाळलेले, एकाच्या मागे एक, मुद्दाम हळू. नऊ वर्षांत त्यांच्या या टोल्याला माणसं उठली नाहीत असं कधी झालं नव्हतं. थोडा वेळ ते मोगरी हातात धरून बसले.

मग त्यांनी वाटी काढली, पुसली, कनवटीला लावली, थाळीवर फडकं टाकलं आणि उठले.

देवडीवरच्या शिपायाने हटकलं. "कुठे, भटजी? अजून दोन आहेत."

"माझा दिवस अठ्ठावीस घटकांचा ठरलेला आहे. झाला."

"आणि पुढच्या?"

"ज्याला हव्यात त्याने मोजाव्यात."

मागे घाव थांबले होते. कुणीच मोजत नाही म्हटल्यावर तिसावा टोला कधी होणार हे कुणाला ठाऊक असणार! सर्जेरावाने हातोडा टाकला. त्याच्या मागे सगळ्यांनी टाकले. शिपाई ओरडत राहिला आणि माणसं त्याच्या दोन बाजूंनी निघून गेली.

दीनानाथपंत दुसऱ्या दिवशी सकाळीच आले आणि सगळ्यांदेखत यज्ञेश्वरभटांना फाडून खाल्लं. रजा हवी तेव्हा पाय धरायला येता, काम पडलं की दिवस मोजता. नऊ वर्षांची चाकरी एका संध्याकाळी घालवायची आहे का? यज्ञेश्वरभट खाली मान घालून ऐकत होते, पण मान हलवत होते ती आडवी.

"खऱ्या अठ्ठावीस घटका मी मोजून देतो," ते एवढंच म्हणाले. "दंडाच्या नाही मोजणार. काढून टाकायचं तर काढून टाका."

पंतांना ते परवडणारं नव्हतं. खरी वाटी आणि ती सुई या माणसाकडेच होती, आणि छत तर मृगाच्या आत पडायला हवं होतं. त्यांनी यज्ञेश्वरभटांच्या खांद्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "ठीक. वरच्या दोन घटकांना दिगंबरभट बसतील. त्यांना वेळेची किंमत कळत नसेल, पण शब्द तरी ऐकतात."

तेव्हापासून रोज अठ्ठावीस घटकांनंतर काका उठत आणि पुतण्या बसे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. यज्ञेश्वरभट आपली वाटी उचलत, दिगंबर आपली सोडे. त्या वेळी दीनानाथपंत घरी संध्येला बसलेले असत, त्यामुळे दिगंबरच्या हातात कुठली वाटी आहे हे पाहायला तिथे कुणी नव्हतं. एक यज्ञेश्वरभट सोडून. त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. ती तीच होती, चिंचेने घासलेली.

पण नुसती वाटी नाही. चार-पाच दिवसांनी घरी बसून ऐकताना त्यांच्या लक्षात आलं की त्या वाटीनेही इतकी घाई होणार नाही. पायरीवर बसून ते पाय कोमट पाण्यात बुडवत होते. आत सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. एकोणतिसावा टोला पडला आणि पाय पुसून होतात न होतात तोच तिसावा, सलग, घणघणीत. आणि पाठोपाठ रस्त्यावरून घरी जाणाऱ्या माणसांचा आवाज. कुणीतरी "दिगंबरभट म्हणजे माणूस हाय" असं म्हणत गेलं.

सगुणाबाई निवडायच्या थांबल्या. त्यांनाही इतक्या वर्षांत कान आला होता. "अहो, हा टोला चुकला ना?"

यज्ञेश्वरभटांच्या हाताची बोटं मोजण्यासाठी वळली होती. त्यांनी ती उघडली.

"मी कुठे तिथे आहे?" ते म्हणाले. "मला काय विचारतेस?"

"पंतांना सांगणार नाही?"

"नाही."

सगुणाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "दुसऱ्या कुणाला सांगा की, ठाऊक असून तुम्ही गप्प बसलात म्हणून. म्हणजे तुम्हीसुद्धा काही..."

"कुणाला काही सांगायचं नाही. आणि तू आडावर बोलू नकोस."

आडावर बोलायचा प्रश्नच नव्हता. तिथे सगुणाबाईंना कुणी घागर वर ओढायला हात लावत नव्हतं. मजुरांच्या दोन घटका भटाने परत नेल्या आणि दिगंबरने माघारी आणून दिल्या, असं पेठेत जो तो सांगत होता. सगुणाबाई त्या रात्री बराच वेळ कुशी बदलत होत्या.

मृगाच्या आधी दोन दिवस छत पडलं. दंडाच्या घटका संपल्या. दिगंबरला कुणीतरी कीर्तनात साथीला नेलं आणि तो पेठेतून गेला. जाताना त्याला चुन्यावाल्यांनी नारळ दिला. यज्ञेश्वरभटांच्या घंगाळात पुन्हा कुणी काही टाकलं नाही, पण सकाळी कुणी रामरामही घातला नाही.

छतानंतरच्या सोमवारी पंचविसावी घटका चालू असताना सर्जेराव ओवरीपाशी आला. काम थोडंच उरलं होतं आणि दोन कोसांवर त्याच्या मेव्हण्याकडे साखरपुडा होता.

"भट, आज टोला जरा लौकर द्या की. पोरं बी दमलीत."

"नाही देणार."

"ठाऊकच हुतं," सर्जेराव म्हणाला. तो गेला नाही. ओवरीच्या सावलीत, घंगाळापासून दोन हातांवर भिंतीला टेकून बसला आणि पाण्यावरच्या वाटीकडे बघत राहिला. यज्ञेश्वरभटांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. वाटी बुडाली. त्यांनी एक टोला दिला, कवडी टाकली आणि वाटी पुन्हा सोडली.